पट्टीखालची ओळ

ईरा, निहार,

जे लिहायला बसले आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमचे आजोबा असते तर त्यांनाही सांगितलं नसतं. तुमच्या बाबाला त्यातलं अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं त्याने कधी विचारलं नाही आणि मी कधी काढलं नाही — घरात अशा गोष्टी अशाच तर सांभाळल्या जातात, नाही का?

लिहावं लागतं आहे ते ईरामुळे. मागच्या महिन्यात, ईरा, तू फोनवर सांगितलंस की मेलबर्नमध्ये दर शनिवारी सकाळी तू एका मदतकेंद्रात बसतेस आणि नव्याने आलेल्या लोकांना त्यांचे कागद वाचून समजावतेस. भाड्याचे करार, नोकरीची पत्रं, कर्जाच्या नोटिसा. मग हसत म्हणालीस, “आजी, आय गॉट इट फ्रॉम यू.” आणि माझी स्टीलची पट्टी मागितलीस. कुरिअरने पाठव, म्हणालीस.

मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. कशासाठी सोडला होता ते आठवत नाही.

पट्टी पाठवते आहे. तिच्याबरोबर हे कागदही येतील.

इंग्रजीत लिहिता आलं असतं. तुम्हाला सोपं गेलं असतं, आणि मलाही जड नाही — बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळला. पण जे केलं ते मी मराठीत केलं. तेव्हा सांगायचंही मराठीतच. ईरा, तू सावकाश वाचशील. निहार, तुला देवनागरी कंटाळवाणी वाटते, तू कुणाकडून तरी वाचून घेशील. कुणाकडून घ्यायचं ते तुझं तू ठरव.

इथल्या, आखातातल्या, अल हिलालच्या फ्लॅटमधले सुट्टीचे शुक्रवार तुम्हाला आठवतात का? तुम्ही सोफ्यावर लोळत कार्टून बघायचात आणि मी जेवणाच्या टेबलावर ‘ऑफिस’ मांडायचे. सकाळी आठ ते दहा. त्यानंतर लोकांना नमाजाला जायचं असे. रत्नागिरीकडची, रायगडकडची माणसं — कुणी एसी दुरुस्त करणारा, कुणी ड्रायव्हर, कुणी दुकानात हिशेब लिहिणारा. कुठल्याही अरबाशी तोंडभर बोलतील, हिंदीत कुणालाही गुंडाळतील. पण कंपनीचं इंग्रजी पत्र आलं की त्यांचे हात गार पडायचे. मग कुणीतरी सांगायचं, अल हिलालला एक काकी आहेत, त्या वाचतात. फुकट वाचतात.

माझी पद्धत ठरलेली होती. कागद आधी तळहाताने सपाट करायचा. मोबाइल बंद. मग पहिल्या ओळीखाली पट्टी धरायची, ती ओळ इंग्रजीत मोठ्याने वाचायची, मग मराठीत सांगायची, समोरच्याला कळली का ते विचारायचं, आणि तो हो म्हणाला की पट्टी एक ओळ खाली. एकच. कागद दहा पानांचा असला तरी. समोरचा कंटाळला तरी मी ओळ सोडत नसे. लोक मागून म्हणायचे, काकी एक काना-मात्राही गाळत नाहीत. ते माझ्या कानावर यावं अशा बेताने म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

ज्याला इंग्रजी समजत नाही त्याच्यापुढे आधी इंग्रजीत का वाचायचं? मी सांगायचे, नियम आहे. नियम कसला — मला माझं इंग्रजी ऐकायला आवडायचं.

आता अन्वरभाई.

तुम्ही त्यांना विसरला नसाल. चंदेरी रंगाची सात सीटची गाडी, डॅशबोर्डवर हिरवं मखमली कापड, आणि रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी खालून एकच हॉर्न — दुसरा कधी नाही. तुम्ही दोघं आणि बिल्डिंगमधली आणखी चार मुलं. “यल्ला, सायबांनो, शाळा पळून चालली,” म्हणायचे. निहार, तुझा पुढचा दात त्यांच्या गाडीत पडला होता. त्यांनी तो टिश्यूमध्ये गुंडाळून, खिशात वेगळा ठेवून, दुपारी जिना चढून माझ्या हातात आणून दिला. म्हणाले, काकी, अमानत आहे.

संगमेश्वरच्या आतल्या बाजूला त्यांचं गाव. सातवीपर्यंत मराठी शाळा. आधी कंपनीत ड्रायव्हर होते, पै पै जमवून ही गाडी घेतली होती आणि तिचे हप्ते फेडून संपवलेही होते. गाडी पूर्ण त्यांची. पुढे मुलीला नर्सिंगला घालायचं ठरलं, कॉलेजची फी एकदम भरायची होती, तेव्हा त्यांनी त्याच गाडीवर कर्ज काढलं. इथे गाडीचा जो कागद असतो, इस्तिमारा, त्यावर फायनान्स कंपनीचं नाव चढतं. आणि वर सही केलेला कोरा चेक कंपनीकडे ठेवायचा. सगळेच देतात. तो चेक बँकेत न वटता परत आला तर प्रकरण पोलिसांत जातं, देशाबाहेर जाणं अडतं — त्यामुळे माणूस गाडीपेक्षा त्या चेकला जास्त घाबरतो.

आणि त्यांनी कर्ज काढलं ते तुमच्या बाबाच्या कंपनीतून. वेस्ट बेमधल्या त्या ऑफिसात मंदार तेव्हा वसुली बघायचा. दुसरीकडे कदाचित स्वस्त मिळालं असतं. पण अन्वरभाईंचं म्हणणं, आपलं माणूस आहे तिथे. आपल्या माणसाकडे जावं, आपलं माणूस आपल्याला फसवणार नाही — परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांची ही समजूत किती जुनी आहे! मीसुद्धा तेव्हा मान हलवली होती. बरं केलंत, म्हणाले होते.

पहिलं वर्ष सगळं सुरळीत होतं. मग उन्हाळा आला. तुम्हाला आठवतं, जून संपता संपता अख्खी बिल्डिंग रिकामी व्हायची — शाळा बंद, सगळे भारतात. मुलं नाहीत तर मुलांची गाडीही नाही. त्या उन्हाळ्यात त्यांच्या आईचं आजारपण निघालं, साठवलेलं तिकडे गेलं. तीन हप्ते थकले. सप्टेंबरात शाळा सुरू झाल्या, गाडी पुन्हा धावायला लागली, पुढचे हप्ते ते भरू शकले असते. मागचे तीन एकदम भरणं शक्य नव्हतं. एवढीच अडचण होती. त्याला बुडणं म्हणत नाहीत.

कंपनीने त्यांना दोन पानी कागद दिला. सही करून आणा म्हणून. त्यांनी तो घडी करून ठेवला आणि शुक्रवारची वाट पाहिली. माझ्या शुक्रवारची.

यापुढचं मी कित्येक वर्षं स्वतःला एका ठरावीक पद्धतीने सांगत आले. ती पद्धत अशी — वाचताना एक ओळ सुटली. वय झालं होतं, नजर कमी झाली होती, पट्टी घसरली. होतं असं. कुणाचं होत नाही?

तसं झालं नाही.

आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, मंदार चहा पिताना म्हणाला की उद्या अन्वरभाई येईल कागद घेऊन. त्याची कोरी प्रत त्याने बॅगेतून काढून टेबलावर ठेवली. म्हणाला, “साधा कागद आहे, आई. मुद्द्याचं तेवढं सांग. उगाच घोळ नको.” बस, एवढंच. यापेक्षा एक शब्द जास्त बोलला नाही. महिनाअखेर होती, त्याला थकलेल्या कर्जांच्या काही फायली बंद करून दाखवायच्या होत्या, त्याच्या बढतीचं चाललं होतं, हे मला माहीत होतं. त्याने ते सांगितलं नाही. त्याने मला काहीही गाळायला सांगितलं नाही. हे मी दोनदा लिहिते आहे कारण तुम्ही त्याच्यावर रागवाल, आणि तो राग सोयीचा असेल — तुमच्यापेक्षा मला.

मी तो कागद वाचला. मला कागद वाचायला आवडतात, तुम्हाला माहीत आहे. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की कर्जदार स्वखुशीने गाडी कंपनीच्या ताब्यात देतो आहे. स्वखुशीने! कुठल्या माणसाने कधी स्वखुशीने आपली भाकरी दुसऱ्याच्या ताब्यात दिली आहे? पहिलं पान नावं, नंबर, गाडीचं वर्णन. दुसऱ्या पानावर, वरून आठव्या ओळीत, गाडी दिल्यावर कोरा चेक परत मिळेल असं होतं. अकराव्या ओळीपासून पुढे, यानंतर कर्जदार कंपनीकडे काहीही मागणार नाही. आणि त्या दोन्हींच्या मध्ये दोन ओळी होत्या. नववी आणि दहावी. त्यांना क्रमांक नव्हता, ठळक अक्षर नव्हतं, कुठल्या तरी नियमामुळे घालाव्या लागल्या म्हणून घातल्यासारख्या. त्यांत लिहिलं होतं की हा कागद सही न करता हप्ते नव्याने बांधून मागायचा कर्जदाराला हक्क आहे.

म्हणजे गाडी द्यायची गरज नव्हती. एक अर्ज. चार ओळींचा. तो मी पाच मिनिटांत लिहून दिला असता, त्याच टेबलावर, त्याच पेनाने. असे अर्ज लिहिण्यात तर माझी हयात गेली होती.

मी काय केलं सांगू? शुक्रवारी सकाळी, तुम्ही उठायच्या आधी, मी टेबलाशी बसले आणि सराव केला. हो — सराव. आठवी ओळ वाचायची, मराठीत सांगायची, आणि पट्टी एक ऐवजी तीन ओळी खाली न्यायची. हाताला सवय एका ओळीची, त्यामुळे पहिल्यांदा अडखळले. आठवी ओळ पूर्णविरामाने संपत होती आणि अकरावी नव्या वाक्याने सुरू होत होती, तेव्हा जोड ऐकू येत नव्हता. तीन वेळा केलं. तिसऱ्या वेळी अगदी सफाईने जमलं. मग उठून पोह्यांसाठी कांदा चिरला.

का केलं? मंदारच्या बढतीसाठी, असं म्हणता येईल. तुमच्या शाळेसाठी, असंही. पण ते पुरतं खरं नाही. मी कागद वाचला, तेव्हा माझ्यासमोर एका बाजूला माझा मुलगा होता आणि दुसऱ्या बाजूला एक ड्रायव्हर. मी तोलून पाहिलंच नाही. तोलायला दोन्ही बाजूंना काहीतरी ठेवावं लागतं ना?

आता लिहितेच आहे तर कपाचंही लिहिते. शुक्रवारी येणाऱ्यांना मी चहा द्यायचे. अन्वरभाईंचा कप वेगळा होता. स्टीलचा, कडेला पोचा आलेला, सिंकखालच्या कपाटात ठेवलेला. तुम्हाला मी सांगितलं होतं की त्यांना स्टीलच्या कपातला चहा आवडतो. ईरा, तू एकदा माझ्या मैत्रिणीला कौतुकाने सांगितलंस की अन्वर चाचांचा आमच्याकडे स्पेशल कप आहे. मैत्रीण हसली. मीही हसले. ते कप बघायचे. चहा संपला की स्वतः उठून सिंकशी जाऊन विसळून उपडा ठेवायचे, म्हणजे मला त्याला हात लावावा लागू नये. हे त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

तर ते आले. आठ वाजून पाच मिनिटांनी. चपला रांगेत लावल्या, खुर्चीच्या कडेवर टेकले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, कारण इथूनच मशिदीत जायचं होतं. कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, मना काय कलत नाय काकी, चेकचा काय लिवलाय तेवढा बघा.

मी कागद सपाट केला. पट्टी धरली. पहिलं पान नेहमीसारखं वाचलं, ओळीमागून ओळ, प्रत्येक ओळीनंतर कळलं का विचारत. गाडीचा नंबर वाचताना त्यांनी तो माझ्याबरोबर पुटपुटला. दुसरं पान. पाचवी ओळ, सहावी, सातवी. आठवीला चेक परत मिळेल असं सांगितलं तेव्हा त्यांचे खांदे खाली आले — मी पाहिलं. महिनाभर वर धरलेले खांदे. अल्हम्दुलिल्लाह, म्हणाले. आणि मी पट्टी तीन ओळी खाली नेली.

सफाईने गेली.

इथवर मी फक्त गाळलं होतं. गाळण्याला माणूस खोटं म्हणत नाही, स्वतःशी तरी. पण शेवटची ओळ झाल्यावर त्यांनी लगेच पेन मागितलं नाही. त्यांनी कागदावर बोट ठेवलं — पानाच्या मध्यावर, नेमकं तिथेच, त्यांना काय माहीत — आणि विचारलं,

“काकी, यात दुसरा कायतरी मार्ग लिवलेला हाय काय?”

ईरा, तू आता लोकांच्या समोर बसतेस. तुला कळेल हा प्रश्न म्हणजे काय असतो. त्याला कायदा माहीत नाही, भाषा येत नाही, त्याच्या हातात दुसरं काही नाही. त्याच्याकडे एवढा एक प्रश्न असतो, आणि तो विचारायला त्याला कुणीतरी हवं असतं. त्यांनी तो मला विचारला.

“नाही, अन्वरभाई,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. तुमी वाचलांव म्हणजे खलास, म्हणाले. हात पँटला पुसला, माझंच पेन घेतलं आणि त्या इंग्रजी कागदाखाली मराठीत सही केली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, शाळेत शिकवतात तसं, अक्षरांवर नीट रेघ ओढून. मग कप विसळला, उपडा ठेवला आणि गेले. तुम्ही सोफ्यावरून बाय चाचा म्हणालात.

रविवारी सकाळी शाळेचा आठवडा सुरू झाला, पण खालून हॉर्न वाजला नाही. निहार, तू खिडकीशी उभा राहिलास. ईराने विचारलं, “आजी, हू विल ड्रॉप अस?” मी सांगितलं, अन्वर चाचा गावी गेले. कुठल्या गावी? ते तर याच शहरात, मुशैरिबला होते. एका मोठ्या इमारतीच्या पार्किंगमध्ये कामाला लागले होते — दुसऱ्यांच्या गाड्या लावायला आणि काढून द्यायला. हे मला मंदारकडून कळलं. त्याला एकदा तिथे गाडी लावताना दिसले होते. त्यांनी सलाम केला, मुलं कशी आहेत विचारलं, आणि गाडीची चावी घेतली. हे सांगून मंदारने टीव्हीचा आवाज वाढवला.

ईरा, तू त्यांच्यासाठी एक कार्ड केलं होतंस. चंदेरी गाडी, सात खिडक्या, प्रत्येक खिडकीत एक डोकं. पोचवते म्हणून मी घेतलं. ते माझ्या निळ्या फाइलमध्ये आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, त्या कागदाच्या प्रतीच्या मागे. मी काही टाकून देत नाही.

बढती मिळाली. नवी गाडी आली, मोठा फ्लॅट आला, पुढे तुमचं मेलबर्न आलं. यातलं किती त्या एका फायलीमुळे? कदाचित काहीच नाही. फायली पुष्कळ होत्या. एक कमी बंद झाली असती तरी मंदारला बढती मिळालीच असती. हे लक्षात आलं तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं का? उलट आहे ते. एखाद्याचं सगळं घ्यायचं आणि आपल्याला त्याची गरजही नसायची.

पुढच्या दिवाळीत मंदारने घरी जेवण ठेवलं. त्याच्या ओळखीचा एक नाशिकचा इंजिनिअर मुलगा आला होता. जेवताना हसत हसत सांगत होता की दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात त्याचे गाडीचे हप्ते थकले, कंपनीने असाच काहीतरी सही करायचा कागद पाठवला, त्याने वाचला, त्यात हप्ते बांधून मागायची तरतूद दिसली, एक ईमेल टाकली आणि आठवड्यात काम झालं. गाडी जागची हलली नाही. “तुमचीच कंपनी, मंदारसर,” म्हणाला.

मंदार म्हणाला, “हो, अर्ज आला की द्यावंच लागतं. हक्कच असतो तो.”

मी श्रीखंड वाढत होते. वाढत राहिले. त्या मुलाला वर आग्रहही केला. मंदारने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्यावरून मला कळलं की त्याला कळलं आहे. आम्ही दोघं आजतागायत एवढंच बोललो आहोत त्या विषयावर.

त्यानंतर मी शुक्रवारचं वाचणं बंद केलं. लोकांना सांगितलं, डोळ्यांना त्रास होतो. बिचारे हळहळले. कुणी डोळ्यांत घालायचे थेंब आणून दिले, कुणी डॉक्टरचं नाव. डोळे माझे उत्तम होते, अजून आहेत. सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवते. वाचणं बंद केलं ते लाजेने, असं तुम्हाला वाटेल. भीतीने केलं. पुन्हा कुणीतरी कागदावर बोट ठेवून तसंच काही विचारेल, याची भीती. आणि ज्यांना त्या काळात वाचून देणारं कुणी उरलं नाही, त्यांचं काय झालं? ते मी विचारायला गेले नाही.

अन्वरभाई कायमचे गावी गेले त्याच्या आधी एकदा येऊन गेले. दुपारची वेळ, तुम्ही शाळेत होता. वर्तमानपत्रात बांधलेली आमसुलं घेऊन आले होते, गावाहून कुणाबरोबर तरी मागवलेली. मुलांना सोलकढी आवडते म्हणून. बसले नाहीत. मुलीचं विचारलं तेव्हा म्हणाले, दोन वर्षं झाली, मग थांबवलं, आता तालुक्याला कापडाच्या दुकानात आहे, बरं चाललंय. माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं असावं, कारण त्यांनी माझीच समजूत काढली. म्हणाले,

“तुमी होतांव काकी, म्हणून चेकमधून तरी नीट सुटलो. नायतर माझं काय झालं असतं?”

त्या क्षणी मी सांगू शकले असते. आम्ही दोघंच होतो. दार उघडं होतं, लिफ्ट वर यायला वेळ होता. मी पिशवी घेतली आणि म्हटलं, सांभाळून जा. आणि त्या दिवशी त्यांना कपाटातला स्टीलचा कप काढून चहासुद्धा विचारला नाही, कारण चहा म्हणजे दहा मिनिटं.

त्या आमसुलांची सोलकढी तुम्ही पुढे दोन महिने मागून मागून प्यायलात. मीही प्यायले.

त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. दर दिवाळीला त्यांच्याकडून पणतीचं चित्र येतं आणि खाली मराठीत लिहिलेलं असतं, काकी तब्येत सांभाळा. दर ईदला मी चंद्राचं चित्र पाठवते. दहा वर्षं हे चाललं आहे. फोन उचलायला किती वेळ लागतो? त्यांनी राग केला असता, शिव्या दिल्या असत्या, तर सोसलं असतं. मला वाटतं ते काहीच बोलले नसते. म्हणून केला नाही. आणि काकी म्हणवून घ्यायची सवय लागली होती, तीही सुटली नाही.

ईरा, तुझ्या शनिवारच्या खोलीत कुणी तुझ्यापुढे कागद ठेवेल तेव्हा त्याला तू काय सांगशील ते तुझं आहे. मी उपदेश करण्याजोगी नाही. पट्टी एक फुटाची आहे, तीन इंचांच्या खुणेपाशी थोडी घासली आहे. तिथे माझा अंगठा असायचा.

आत्ता फाइलमधून ती प्रत काढून टेबलावर सपाट केली आहे. दुसरं पान. आठव्या ओळीच्या खाली पट्टी धरली होती, ती एक ओळ खाली घेतली. मग आणखी एक. या दोन ओळी मी अजून कुणालाही मोठ्याने वाचून दाखवलेल्या नाहीत. इंग्रजी सोडून देते. ते माझ्यासाठी होतं.

अन्वरभाई, पुढे असं लिहिलं आहे — या कागदावर सही करण्याचं बंधन नाही. पंधरा दिवसांच्या आत लेखी अर्ज केला तर थकलेले हप्ते नव्याने बांधून मिळतील, आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत गाडी तुमच्याकडेच राहील.